फुप्फुसं स्वच्छ आहेत

"फुप्फुसं स्वच्छ आहेत," डॉक्टर मेलेआनेबाई म्हणाल्या.

सिओसाइआच्या जिवात जीव आला. न्यूझीलंडला सफरचंदांच्या बागेत कामाला जायचं, तर क्षय नसल्याचा दाखला लागतो. एक्स-रे त्यासाठीच काढला होता. सोमवारी गावातली सगळी टोळी तोंगातल्या या वावाऊ बेटावरून निघणार होती.

"मग करा की सही," शेजारी बसलेली लोसेली आत्या म्हणाली. "निरोपाच्या जेवणाचं डुक्करसुद्धा हेरून ठेवलंय."

डॉक्टरांची नजर फिल्मवरून हलेना. हृदयाच्या डाव्या कडेला जिथे खाच दिसायला हवी, तिथे फुगवटा होता. फुप्फुसांकडे जाणाऱ्या धमन्या मुळाशी जाडजूड, आणि पुढे एकदम बारीक झालेल्या.

"वल्हं मारताना दम लागतो?"

"नाही."

"लागेल कुठून? वल्ह्याला हात लावेल तर ना!" आत्या म्हणाली. "चर्चमध्ये गातानाही नुसते ओठ हलवतो. मला वाटलं, कुणा पोरीपायी झुरतोय."

सिओसाइआने मान खाली घातली. "उताणं झोपलं की गुदमरतं," तो हळूच म्हणाला. "पण तिथे काय, शिडीवरच तर चढायचंय."

डॉक्टरांनी त्याला डाव्या कुशीवर झोपवलं आणि छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"लहानपणी ताप येऊन गुडघे सुजायचे?"

"सुजायचे. आत्या तेल चोळायची."

"त्या तापाने हृदयातली झडप अरुंद केलीय. रक्त मागे तुंबतं, फुप्फुसांच्या धमन्यांवर दाब येतो. शिडीवर तू कोसळशील. शिरेतून बारीक फुगा आत नेऊन झडप मोकळी करता येते. त्यासाठी मीच तुला ऑकलंडला पाठवीन. सफरचंदांसाठी नाही."

तो उठून बसला. "दाखल्यात फक्त क्षयाचंच विचारलंय ना? वादळाने घराचं छप्पर नेलंय, डॉक्टर. एवढा हंगाम करून येतो. मग पाठवा कुठंही."

डॉक्टरांनी आत्याकडे पाहिलं. त्या घरात बापाचा शब्द नंतर, आत्याचा आधी.

आत्याने हात पुढे केला. डॉक्टरांनी नळी तिच्या कानाला लावून दिली. धडधडीच्या मागे एक खोल घरघर होती, वाळूवरून जड होडी ओढत न्यावी तशी.

"सगळ्यांचं असं वाजत नाही?"

"नाही."

आत्याने नळी स्वतःच्या छातीवर ठेवून पाहिली. मग काढून परत दिली.

"हा जाणार नाही."

"आत्या, पण छप्पर..."

"छपराखाली राहायला तू हवास ना मेल्या!"

बाहेर ओट्यावर तिने बाजारातून घेतलेली अळकुड्यांची गोणी होती. तोंगात आत्याचं ओझं भाच्याने वाहायचं. आत्या ओझं घेऊन चाललीय आणि धडधाकट भाचा रिकाम्या हाताने मागे येतोय, असं कुणी कधी पाहिलेलं नाही. सिओसाइआ गोणीकडे वाकला. आत्याने त्याचा हात बाजूला सारला, रिवाजाप्रमाणे कपड्यांवरून कमरेला गुंडाळलेली चटई घट्ट केली आणि गोणी खांद्यावर घेतली.

रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली. ती कुणाकडे न बघता पुढे चालत राहिली. त्याला गाठता येईल इतकी सावकाश.