सोमवारचा काटा

"अंगावरचं दहा शेर वजन उतरवा, मगच अंतर्गळाचं ऑपरेशन करू," असं सोलापूरच्या डॉक्टरांनी शिवकांताला बजावलं होतं. तिनं तूप सोडलं, शेंगांची चटणी सोडली, तीन भाकऱ्यांवरून एकीवर आली. दर सोमवारी घरची धान्याची आडत बंद असायची, तेव्हा नवरा शिवलिंगप्पा तिला पोती तोलायच्या काट्यावर बसवायचा.

दहाव्या सोमवारी त्यानं समोरच्या पारड्यातलं आणखी एक वजन उचलून खाली ठेवलं आणि तो खुशीत हसला.

"दहा सांगितले होते, तू तर पंधरा शेर उतरलीस. उद्याच्याच मोटारीनं सोलापूरला जाऊ. डॉक्टरबी म्हणतील, बाई लई जिद्दीची."

"काटा बरोबर हाय न्हवं?"

"वा गं! परवाच सरकारी साहेब शिक्का मारून गेलाय. पासंगाएवढाबी फरक न्हाय."

शिवकांता पारड्यातून उतरली. खोट काट्यातच असावी, एवढीच तिची आशा होती. वजन फारच झपाट्यानं उतरतंय म्हणून घाबरून तिनं महिन्यापूर्वीच पथ्य मोडलं होतं. आजही ती तुपासकट तीन भाकऱ्या खाऊन काट्यावर बसली होती.