लख्ख घासलेला दगड

आमचे चिरंजीव कालपासून ना धड बोलतात, ना धड जेवतात. जमिनीच्या पार पोटातून काढून आणलेला एक दगड त्यांनी फॉइलमध्ये गुंडाळून ओट्यावर ठेवला होता. मला वाटलं, पोरगं दमलंय, धुवायचं राहून गेलं असेल. मी साबण लावून, काथ्याने घासून लख्ख केला.

त्यात म्हणे पृथ्वीवरच्या पहिल्यावहिल्या जीवाची खूण शोधायची होती. आता तपासलं तर माझे हात आणि साबणच सापडायचा. सहा वर्षांची मेहनत पाण्यात गेली, आणि तसा दुसरा तुकडा नाही. ओरडतही नाही, नुसता त्या दगडाकडे बघत बसतो. ‘चुकलं’ म्हणायला माझी जीभ काही वळेना. शेवटी म्हटलं,


“साडेतीनशे कोटी वर्षं ज्याला कुणाचा हात लागला नाही, तो ठेवायला तुला आईचंच घर सापडलं होय रे?”