शेजारची वाटी

कारखान्याने मंदीत निम्मे कामगार काढले, त्यात मी होतो. शेजारचा यल्लाप्पा मात्र तिथेच लेथ मशीनवर राहिला. त्याच्या घरातून रोज लसणाच्या फोडणीचा वास यायचा आणि माझ्या पोटात दुखायचं.

त्याच्या बायकोने एकदा वाटीभर आमटी पाठवली. शेजारची वाटी रिकामी परत करायची नसते, आणि तिच्यात घालायला आमच्याकडे काही नव्हतं. फळीवरची ती वाटी मला रोज टोचायची.

निवडणुकीआधी पक्षाची पोरं दारात आली. गळ्यात कोरी उपरणी, हातात यादी. "बाहेरच्यांनी तुमची कामं खाल्ली. या गल्लीत कोण आहे बाहेरचं?"

यल्लाप्पाचा आजा कर्नाटकातून आला होता. तो स्वतः पहिलीपासून माझ्या वर्गात. तरी मी त्याचं नाव सांगितलं.

पक्ष सत्तेवर आला. महिन्याभरात यल्लाप्पाला कामावरून काढलं, मग घरही सोडायला लावलं. त्याचं मशीन मला मिळालं.

पहिल्या पगाराला बायकोने शिरा केला. वाटी काठोकाठ भरून माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, "नाव तुम्ही सांगितलंत ना, आता पत्ताही सांगा. वाटी परत करायचीय."