पेरूज

"ह्यात पेरू कुठून आला हो?" शंकाबाईने विचारलं.

कारखान्याच्या ऑफिसातला कारकून घाईत होता. टेबलावर टाइप केलेला इंग्रजी जबाब होता, खाली सहीची जागा. सकाळी शिवताना मशीनची सुई शंकाबाईच्या डाव्या हाताच्या बोटातून आरपार गेली होती. बोटाला हे जाडजूड बँडेज, तरी प्रश्न सुरूच. उगाच नाही सगळे तिला शंकाबाई म्हणत.

"पेरू नाही, पेरूज. 'मी वरील मजकूर पेरूज केला आहे.' म्हणजे वाचला आहे. करा सही."

"मग सरळ वाचला असं का नाही लिहीत?"

कारकुनाला हे कधी सुचलंच नव्हतं. बारा वर्षं तो हा शब्द टाइप करत आला होता. त्याने मोबाइलवर अर्थ शोधला आणि सरसावून बसला. "गंमतच आहे! एक अर्थ, बारकाईने वाचणं. दुसरा, वरवर नजर फिरवणं."

"एकाच शब्दाचे? मग मी यातलं काय केलंय?"

"काहीही धरा हो."

"अहो, मी तर दोन्ही केलेलं नाही. मला लेबलापुरतं इंग्रजी येतं. तुम्ही वाचा, मी ऐकते. आणि बारकाईने हं."

कारकून एकेक ओळ वाचून मराठीत सांगू लागला. नाव बरोबर. तारीख बरोबर. मशीनचा नंबरही बरोबर.

"'सुईपुढची जाळी मी स्वतःच काढून ठेवली होती.'"

बोट आत जाऊ नये म्हणून असलेली ती जाळी कधीची तुटली होती. शंकाबाईने तीनदा सांगितलं होतं. आता हे लिहून दिलं की नोकरी गेलीच.

"मी काढली? मी?"

"मला काय माहीत, बाई!" कारकुनाचे कान लाल झाले. "मागच्या अपघाताचा कागद समोर ठेवतो, नाव-तारीख-नंबर बदलतो. नेहमी तसंच करतो." त्याने पेन उचललं आणि ती ओळ खोडून टाकली.

शंकाबाईचं समाधान झालं नाही. "मागचा कुणाचा होता?"

"मामांचा. काजाच्या मशीनवरचे."

मामांना त्यानंतर कामावरून काढलं होतं. चूक त्यांचीच होती, तसं त्यांनीच लिहून दिलं, असं सगळ्यांनी ऐकलं होतं. शंकाबाईनेही ते खरं मानलं होतं.

"दाखवा बघू."

कारकुनाने फाइलमधून कागद काढला. जाळीची ओळ होती, शब्दाला शब्द तीच. शेवटी, मी वरील मजकूर पेरूज केला आहे.

आणि त्याखाली, निळ्या शाईत, मामांचा अंगठा.