राहुकाळ टळेपर्यंत

तेजश्री नवऱ्यासोबत आल्प्समधल्या एका तळ्याकाठच्या हॉटेलात उतरली होती. तिथून रोज कुठे फिरायला जायचं ते ती ठरवायची. किती वाजता निघायचं ते मात्र हैदराबादच्या अंबरपेठेतून आबासाहेब पंचांग बघून सांगायचे. राहुकाळ टळल्याशिवाय लेकीने पाऊल बाहेर टाकायचं नाही. ती परतल्याचा फोन येईपर्यंत त्यांना घास उतरत नसे.

"आबा, तुमचं पंचांग हैदराबादचं. इथला राहुकाळ वेगळा," रविवारी ती हसत म्हणाली. "शुक्रवारी, शनिवारी आम्ही ऐन राहुकाळातच निघालो. काहीसुद्धा झालं नाही."

आबासाहेबांचा जीव भांड्यात पडला. मग नजर जयवंताबाईंच्या हार घातलेल्या फोटोवर गेली. त्या दिवशी बायकोच्या छातीत कळा येत होत्या, दारात ऑटो उभा होता, आणि त्यांनी तिला दीड तास थांबवून ठेवलं होतं.