एक मीटरचा बांध

वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात मालन स्वतःच्याच गावाची जमीन, चढउतारांसकट, कॉम्प्युटरवर छोटे त्रिकोण जोडून उभी करत होती. त्रिकोण जास्त झाले की मशीन अडकायचं, म्हणून मीटरभरापर्यंतचे उंचवटे वगळायचे, असा साहेबांचा नियम होता. “सर, खाडीकाठी हा बांध आहे,” ती म्हणाली. “किती उंच?” “बरोबर एक मीटर.” “मग काढ.” तिने काढला. बांधाच्या जागी एक सपाट त्रिकोण आला. साहेबांनी पडद्यावर भरतीचं पाणी सोडलं. अख्खं गाव निळं झालं. “बुडीत क्षेत्र. वस्ती हलवावी,” त्यांनी अहवालात लिहिलं. मालनने प्रिंट काढून फायलीला लावली. संध्याकाळी घरी पोचली तेव्हा बाप त्याच बांधावर चिखल लिंपत होता, दर उधाणाआधी लिंपायचा तसा. “यंदा पानी शिराचा नाय गो,” तो म्हणाला. मालनने चपला काढल्या आणि चिखलाचं घमेलं उचलून त्याच्यापुढे ठेवलं.