बिनविषयाचा शब्दकोश

"विषय कुठाय?" बाईंनी वही उलटीपालटी केली. "वर विषय लिहायचा, हे मी कितीदा सांगितलं?"

तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी होती.

चौथीच्या वर्गात शेवटचा तास चालू होता आणि प्रदर्शन उद्यावर आलं होतं. प्रत्येकाने आपल्या आवडीच्या विषयाचा शब्दकोश करायचा, अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहायचे, ही कल्पना बाईंचीच. त्यामुळे निस्तरायचंही त्यांनाच होतं. तीन आठवडे त्या मुलांच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. ट्रकवाल्याच्या मुलाने ट्रकचा शब्दकोश केला होता. त्यात 'हॉर्न – बाबांचा राग' असं लिहिलं होतं. जुळ्या बहिणींपैकी एकीने भाज्यांचा केला, तर दुसरीने न आवडणाऱ्या भाज्यांचा, आणि तो जास्त जाडजूड झाला. सदतीस वह्या टेबलावर रचून झाल्या होत्या. अडतिसावी ही.

बाईंनी पानं चाळली. 'अ'ला चार शब्द, 'आ'ला सहा. 'क' कोरा. 'ख' कोरा. पुढेही तेच; पानाच्या डोक्यावर ठसठशीत अक्षर आणि खाली काही नाही. मध्ये एकट्या 'न'ला तीन शब्द. मग थेट 'य, र, ल, व'पासून पुन्हा गर्दी.

"अगं, 'क'वरून एक शब्द सुचू नये तुला? कागद, कपाट, कुलूप! डोळ्यांसमोर आहेत सगळे. आणि आरसा, उशी, लसूण, वारा... यांचा एकमेकांशी संबंध काय? अर्थही असे तुटक तुटक. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला!"

मुलीने तोंड उघडलं. "त... त... त..." मानेची शीर ताठ झाली. शब्द बाहेर येईना.

"इंजिन सुरू झालं!" मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग फिदीफिदी हसला.

बाईंनी डस्टर आपटलं. हे नाव घ्यायचं नाही म्हणून त्यांनी दोनदा बजावलं होतं. धडा वाचायची पाळी तिसऱ्या बाकावर आली, की त्या हिला वगळून पुढे जात. तिच्या भल्यासाठीच, असं त्यांना वाटे. पण आज डोकं ठणकत होतं, शिपाई वह्या न्यायला दोनदा येऊन गेला होता, आणि समोर ही मख्ख उभी.

"बोलता येत नसेल तर वाच! मोठ्याने वाच. तीन आठवडे काय दिवे लावलेस ते कळू दे सगळ्यांना."

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. पण मुलीने वही हातात घेतली होती. पोरं बाकावर पुढे सरकली.

"आरसा," तिने वाचलं. "यात आपण असतो."

"उशी. हिला सगळं ऐकू येतं."

"ऊन. ओलं वाळवणारं."

"लसूण. हा सोलला, वास हाताला."

"वारा. येतो, आवाज होतो, हा नसतो."

तिचा आवाज जरा घोगरा होता. वर्गाने तो इतका सलग कधी ऐकलाच नव्हता. ती वाचत राहिली. 'सावली' झाली, 'हवा' झाली. "हळू," ती म्हणाली, "असं असलं, उशीर होतो." आणि वही मिटली.

कुणी हसलं नाही.

"बाई," ट्रकवाल्याचा मुलगा चक्रावून म्हणाला, "ही कुठेच अडकली नाही!"

बाईंनी वही पुन्हा उघडली. 'क'च्या कोऱ्या पानावर बोट ठेवून त्यांनी ओठातल्या ओठात 'कागद' म्हणून पाहिलं. मग 'पाटी'. मग 'दार'. नंतर त्यांनी अर्थ वाचले, एकेक शब्द सुटा करून. मुलीला अडवणाऱ्या अक्षराने सुरू होणारा एकही शब्द अर्थांतही नव्हता. तीन आठवडे ही पोर आपलं एकेक वाक्य तोंडात घोळवून, पारखून लिहीत बसली होती.

"हे सगळे तुला न अडखळता बोलता येणारे शब्द?" त्यांनी खाली वाकून विचारलं.

"हो."

"सगळे?"

"एवढेच," मुलगी म्हणाली.

बाई सरळ झाल्या. पेन हातात होतं, वहीवर विषयाची जागा रिकामी होती, आणि त्यांना एक शब्द सुचत नव्हता.

तेवढ्यात मोठ्या बाईच दारातून आत आल्या. शाळा चालवायची म्हणजे घाई करायची, असा त्यांचा खाक्या. "झालं का नाही तुमचं? शिपाई किती खेपा घालणार?" त्यांनी बाईंच्या हातातली वही ओढून घेतली आणि फरफर चाळली. "हे काय! अर्धी वही कोरी? उद्या पाहुणे उघडून बघतील तर काय म्हणतील? ही पानं फाडून टाका. बारीक होईल, पण नेटकी दिसेल."

"मोठ्या बाई, एक मिनिट," बाई म्हणाल्या, "तिचं जरा—"

पण मोठ्या बाईंनी वही टेबलावर ठेवून 'क'चं पान चिमटीत धरलंही होतं.

मुलगी बाकातून धडपडत आली. तिने दोन्ही पंजे त्या कोऱ्या पानावर पसरून दाबले. कान लालबुंद झाले होते.

"नको," ती म्हणाली. "येणार आहेत."

मोठ्या बाई दचकल्या. त्यांनी पान सोडलं, चष्मा सारखा केला आणि दाराकडे वळून पाहिलं.

"येणार आहेत? आजच? कोण?"